मोरपंखी जाकिटाची स्टोरी

मलकापुरात कॅफे वाढले तसं एका बाईचं बुटीकही निघालं. तिथं कपडे नसतात, 'पीस' असतात आणि प्रत्येक पीसला 'स्टोरी' असते. ती कापडावरून हात फिरवते, डोळे मिटते आणि पुण्याच्या मराठीत सांगायला लागते. दारात कुणी गाडी आडवी लावली की मात्र हीच बाई ओरडते, "आवं, काढा की ती! दुकान दिसत न्हाई व्हय?"

परवा तिथं एक मोरपंखी जाकीट बघून मी जागीच थांबले. ते ज्या साडीतून शिवलं होतं ती मीच जाऊबाईंना वास्तुशांतीच्या आहेरात दिली होती. मी बुटीकवालीला तसं सांगितलं.

"बोहारणीकडून आली माझ्याकडे," ती म्हणाली. "स्टीलच्या डब्यावर गेलेली."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अगंबाई, तू हितं?"

"या, जाऊबाई," मी कसंबसं म्हणाले.

जाऊबाईंनी नेमकं तेच जाकीट उचललं आणि आरशासमोर अंगाला लावलं. "काय कापड हाय! याची स्टोरी काय वो?"

बुटीकवालीनं शांतपणे डोळे मिटले आणि स्टोरी सांगताना पहिल्यांदाच पुण्याची मराठी विसरली. "एका बाईनं लय मायेनं निवडल्याली साडी. जिला दिली, तिनं घडीबी न मोडता बोहारणीला दिऊन टाकली."

जाऊबाई हळहळल्या. "कसली अडाणी बाई असंल गं ती!"

"असू द्या," कागदी पिशवी उघडत ती म्हणाली, "आता साडी परत चांगल्या घरी निघालीय."