मोजणीदाराचा दात

भावाच्या कामासाठी मी कोल्हापूरच्या हायकोर्टात गेलो होतो. बाकावर शेजारी कुरुंदवाडकडची एक धिप्पाड बाई धपाटं खात बसली होती.

"पावणं, सरकारी मोजणीदाराचा दात पाडला मी," तिनं आपण होऊन सांगितलं. "रानाची मोजणी करताना माझा बांध आत सरकवला, म्हणून तांब्या फेकून मारला. न्हाय कशाला म्हणू?"

"मग अपील कशाचं?"

"शिक्षंचं की! खालचं जज्ज म्हणालं, नव्या कायद्यात कमीत कमी एक वरीस हाय, त्याच्या खाली मला येता येत न्हाय. पण दात पडला तवा जुना कायदा हुता. त्यात कमीत कमी असं काय नव्हतंच!"

आत तिच्या वकिलानं हेच मांडलं. सरकारी वकील दाताचं दुखणं सांगायला लागले, तशी ती मागून ओरडली, "आधीच हलत हुता त्यो!" तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायमूर्तींनी हसू दाबलं. एक वर्षाची सक्ती बेकायदा ठरवून त्यांनी तिनं भोगलेली कोठडीच पुरेशी धरली, वर थोडा दंड लावला.

मला वाटलं, आता ही इमारत डोक्यावर घेणार. पण बाहेर येताच ती खांबाला टेकली आणि हळूच म्हणाली, "पावणं, जरा हात द्या. पाय लटपटाय लागल्यात."

मी हात दिला. तिचा तळवा गार पडला होता. घाबरलेलं माणूस इतक्या मोठ्यानं बोलू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.