तिसरा आग्रह

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, हे या भूतलावरचे सर्वांत सभ्य गृहस्थ आहेत, आणि या सभ्यतेपायी ते एक दिवस जीव गमावून बसणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. वर्ध्याकडचे निवृत्त हेडमास्तर. तिकडचं घर बंद करून धायरीला मुलाकडे राहायला आले आणि दीड वर्षात त्यांचं वजन बारा किलो उतरलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दोन डॉक्टर बदलले. सगळं नॉर्मल. माणूस मात्र दर महिन्याला पट्ट्याला नवीन भोक पाडून घेत होता. माझी लेक काळजीने अर्धी झाली होती.

आता सभ्यता म्हणजे किती? लिफ्ट आली की हे "आधी तुम्ही" म्हणून बाजूला सरकणार, मागचे सगळे आत शिरणार, दार लागणार आणि हे खालीच. असे एकदा पाऊण तास खाली उभे होते. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याच्या घरच्यांची चौकशी करतात; पुण्याचा रिक्षावाला तो, घाबरून मुकाट्याने मीटर टाकतो. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी विचारलं, "चहा घेणार?" म्हणाले, "नको नको." मी बिबवेवाडीत जन्म काढलेला माणूस. चहाच्या डब्याला झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. माझ्या मते विषय संपला होता.

तर लेकीला प्रमोशन मिळालं. ती आणि जावई दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. तिने जावयाला आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलात नेलं. तिथे पदार्थ येण्याआधी त्याचं चरित्र सांगतात. पिठलं म्हणून काळ्या पाटीवर ब्रशने पिवळा पट्टा ओढून आणला. वरणभात एका दगडाच्या खळग्यात, चमचाभर, आणि वरून धूर. मी म्हटलं, "करपलंय वाटतं." लेकीने टेबलाखालून पाय दाबला.

हातमोजे घातलेला वेटर व्याह्यांपाशी वाकायचा. "सर, भरीत?" हे म्हणायचे, "नको नको." "शुअर सर," म्हणून तो भरीत घेऊन पसार. असं भरीत गेलं, पिठलं गेलं, रुपयाएवढ्या भाकऱ्या गेल्या. दर वेळी व्याह्यांची मान त्या ताटलीमागोमाग पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची. "बाबांना कोणी फोर्स करू नका," जावई मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. मी हात धुऊन परत येतो तो काय, व्याही हात धुवायच्या वाटीतली लिंबाची फोड चोखत बसलेले!

"व्याही, भूक लागलीय का?"

"छे हो."

"खरं सांगा."

"नाही नाही."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

"लागली आहे जी," ते एकदम म्हणाले. "सकाळपासून एका पोळीवर आहो."

"अहो, मग नको कशाला म्हणता?"

"मग काय पहिल्याच वेळी हो म्हणू? हावऱ्यासारखं? आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ताट पुढे करते. इथे सारे एकदाच विचारून राहिले."

दीड वर्ष! दीड वर्ष हा माणूस भरल्या घरात, पानावर बसून, तिसऱ्यांदा कोणी विचारतंय का याची वाट पाहत होता, आणि आम्ही त्याची सोनोग्राफी करत होतो. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. मी जन्मात कोणाला जिलबीचा आग्रह केलेला नाही, पण उठलो आणि वेटरच्या हातातली भाकऱ्यांची टोपली काढून घेतली. "घ्या व्याही, नाहीतर मीही जेवत नाही!" त्यांनी ताटली पुढे केली. मग वेटरला म्हटलं, "तुम्हीही विचारा. सोडू नका." पोरगा नांदेडचा निघाला. हातमोजे काढून म्हणाला, "आजोबा, एक तरी घ्या, आमच्या शेफची आण आहे!" मॅनेजर धावत आला, त्यालाही आग्रहाला उभं केलं. शेजारच्या टेबलावरचे साहेब लोक एकमेकांच्या ताटल्यांत बळेच कबाब टाकू लागले. व्याह्यांनी सदतीस भाकऱ्या खाल्ल्या आणि हॉटेलातलं पीठ संपलं.

लेक रडायलाच लागली. सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, एवढं सांगायचं ना मला!" व्याही गोरेमोरे झाले.

खाली गाडीची वाट बघत आम्ही दोघंच उभे होतो. "सूनबाईला काही बोलू नका," ते म्हणाले. "पोर गुणी आहे, तिचं काही चुकलं नाही." मग पट्टा एका भोकाने सैल केला. "तुमच्या विहीणबाई होत्या तोवर मी हे कधी मोजलंच नाही. नको म्हणायच्या आत वाढून मोकळ्या. आणि खरं सांगू काय? कितीदा तरी मले खरंच नको राहायचं. ओरडायचो मी तिच्यावर."