बाथच्या कुंडात शिजलेला मूठभर भात

अन्याय झाला तो माझ्या शैलाआत्यावर. गेल्या ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी सव्वातीनला, इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जुन्या, गरम पाण्याच्या रोमन कुंडापाशी. करणारी मी.

आधीच सांगते — मी असल्या गोष्टी मानत नाही. लंडनजवळच्या इल्फर्डला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात दारात उभी राहून बुवाबाजीविरुद्ध लीफलेट्स वाटते ती मीच. मंडळाच्या अंकातल्या या कॉलममधल्या अनुभवांना यथेच्छ हसलेय.

तर काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचे. तिथे गरम झऱ्यात तांदळाची पुरचुंडी सोडतात, शिजली की तोच भात खातात. काकांना जाऊन वर्ष होत होतं. गुडघ्यांमुळे आत्याला इंडियाला जाणं जमेना. म्हणून तिचा हट्ट — "इथलं गरम पाणी दाखव. एक घास त्यांच्या नावाने ठेवते, मग सुटले."

सकाळी साउथहॅम्प्टनला तिच्या किचनमध्ये पुरचुंडी मीच बांधली, तिची बोटं आखडतात म्हणून. तांदूळ कच्चे, कोरडे. वाटलं, नुसती जवळ ठेवेल.

कुंडापाशी आत्या खूश. "बघ, कशी उकळी फुटलीय!"

"उकळी नाही गं ती, गॅसचे बुडबुडे आहेत. बोर्ड वाच ना! हा काय आइसलँडचा ज्वालामुखी आहे? आंघोळीच्या पाण्याहून जरासंच गरम असेल."

"तू वाच तुझा बोर्ड."

मी खरंच वाचायला गेले. अर्ध्या तासाने परतले तर ही काठावर बसलेली, पर्सच्या पट्ट्याला बांधलेला दोरा सरळ पाण्यात. लोक बघत होते... मी भडकले. आणि मी — मीच — तिथल्या देखरेखीच्या स्ट्यूअर्डला हाक मारली.

त्याने ग्लोव्ह्ज घालून पुरचुंडी वर ओढली, गाठ सोडली. माझीच गाठ, तशीच घट्ट. आतून वाफ आली. भात. मोकळा, शीत न् शीत शिजलेला.

"समवन्स लंच?" तो हसला.

आत्या हळूच म्हणाली, "एक शीत तरी ठेवू दे गं त्यांना."

भात शिजलाय हे मला दिसत होतं. तरी मी म्हणाले, "घाण पाणी आहे ते, आत्या." त्याने भात कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला.

नंतर त्याच जातीचे तांदूळ मी घरी तेवढ्याच गरम पाण्यात ठेवून बघितले. तीनदा. नुसते फुगतात, दाताखाली कचकचतात. एक मित्र म्हणाला, आत्याने शिजवूनच आणला असेल. पण गाठ माझी होती ना... आणि खरं सांगू? भात कसा शिजला याने माझी झोप उडत नाही. पहिलं वर्षश्राद्ध एकदाच येतं, याने उडते. आत्या अजून फोन उचलते, पण बोलणं हवापाण्यापुरतंच.

तुमच्या घरातलं कुणी असं काठावर बसलेलं दिसलं, तर कुणालाही हाक मारू नका. शेजारी बसा. वाद घालायचाय? जरूर घाला — घास ठेवून झाल्यावर.