मोडकळीस आलेली सोसायटी

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं ते एकाच कारणासाठी: मला इंग्रजी येतं. येतं म्हणजे, न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदांत आयुष्य काढताना जेवढं अंगाला चिकटलं तेवढं. पण जिथे सगळे "तुमीच वाचा ना साहेब" म्हणून कागद पुढे सरकवतात, तिथे तेवढंही पुरतं. वासरात लंगडी गाय शहाणी.

रिडेव्हलपमेंटचं वारं आलं तेव्हा या गायीचा कस लागला. बिल्डर मोठी घरं देणार होता. त्याला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या आणि इंजिनीअरच्या अहवालात एक शब्द हवा होता: डिलॅपिडेटेड. म्हणजे हळूहळू झिजत, खंगत मोडकळीस आलेली.

झालं! कालपर्यंत नव्या टाइल्स दाखवायला घरी बोलावणारी माणसं आता गळती दाखवायला बोलवू लागली. तळमजल्यावरच्या काकू भाजीवाल्यालासुद्धा सांगत, "आमचं तर प्लास्टर पंख्यासकट खाली आलं!" तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची भिंत दुर्दैवाने कोरडी ठणठणीत होती. इंजिनीअर यायच्या सकाळी त्यांनी तिच्यावर चार मग पाणी मारलं. मीही काही साधू नव्हतो. मला स्वतःची एक खोली हवी होती, दार लावता येईल अशी.

या दुधात मिठाचा खडा म्हणजे आमचे बाबा. मराठवाड्यातून आले आणि दिघ्याच्या एका कंपनीत मेन्टेनन्स फिटर म्हणून राबले. रिटायर झाले आणि आमच्या फ्लॅटला चोवीस तासांचा फिटर मिळाला. महिन्याला बिजागऱ्यांना तेल, नळ ठिबकायच्या आधीच वॉशर, पावसाळा सरला की भिंतीच्या एकेका भेगेत व्हाइट सिमेंट. संमतीपत्र पुढे केलं तर म्हणाले, "माझं घर मोडकळीला आलेलं नाही. खोट्या कागदावर मी सही करत नसतो."

पंधरा दिवस आमचं बोलणं बंद. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "बाबांचं काय झालं?" जसं काही ते ऑपरेशन थिएटरमध्ये होते.

शेवटी इंजिनीअर आली. माझ्या कॉलेजातल्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, हातात लहानशी हातोडी. भिंत ठोकायची आणि कान द्यायचा. भरीव असेल तर टण, आतून पोकळ असेल तर ढब. इतरांकडे ढब आला की घरातली माणसं टाळ्या वाजवायचीच काय ती बाकी होती. आमच्याकडे मात्र टण, टण, टण. बाबा तिच्या मागोमाग, दर ठोक्याला माझ्याकडे बघत.

"काका, ही भिंत कुणाकडून करून घेतली?"

"करून कशाला घ्यायची? हात आहेत की."

मग ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमपाशी आली. ढब.

बाबांनी तिच्या हातातून हातोडी घेतली आणि वीतभर खाली स्वतः ठोकली. ढब. ज्या माणसाने जन्मभर मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखलं, त्याला आणखी काय सांगायचं? त्यांनी हातोडी परत दिली आणि स्टुलावर बसले. त्यांना इतकं म्हातारं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या कॉलमच्या पलीकडे डक्ट आहे. तिथे वरून खालपर्यंत सगळ्यांच्या सांडपाण्याचा पाइप जातो, आणि त्याचा सांधा कित्येक वर्षं गळत होता. बाबांनी सोसायटीला त्याबद्दल सुवाच्य अक्षरात अर्जांवर अर्ज दिले होते. सेक्रेटरीने ते सभेत वाचले होते आणि इतिवृत्तात दर वेळी लिहिलं होतं, "पुढील सभेत विचार व्हावा." आधी आळस म्हणून, नंतर "पाडायचीच आहे ना" म्हणून. सेक्रेटरी मीच.

अहवालात तो शब्द आला. सभासदांसाठी मराठी सारांश करायला बसलो आणि शब्दकोश उघडला. माफी मागायची सवय नसली की माणूस शब्दकोश उघडतो. मग तो घेऊन बाबांच्या समोर जाऊन बसलो.

"बाबा, हा शब्द मूळचा लॅटिन. लॅपिस म्हणजे दगड. डिलॅपिडेट म्हणजे दगड इकडेतिकडे भिरकावणं. त्यावरून उधळणं, वाट लावणं. इंग्लंडात एखाद्या पाद्र्याने चर्चचं घर पडू दिलं, तर त्याच्या जागी येणारा पाद्री त्याच्याकडून दुरुस्ती वसूल करायचा. तिथे हाच शब्द वापरत."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे दगड आपोआप पडत नाहीत."

"नाही."

"मग आपल्या बिल्डिंगचा पाद्री कोण?"

"मी," मी म्हणालो. इतक्या दिवसांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

ते उठले आणि कॉलमवर तळहात टेकवला. मग म्हणाले, "पाइप बदल. सही करतो."

"अहो, बिल्डिंग पाडायचीय!"

"पाडा की. गळकी पाडू नका."

कमिटीत हशा पिकला. "पाडायच्या बिल्डिंगला नवा पाइप? साहेब, उद्या कलर पण काढाल!" चेअरमनने तर माझं टेन्शन वाढलंय असं निदान करून मला चार दिवस गावी जायला सांगितलं. मी गेलो नाही. रविवारी प्लंबरला बोलावलं आणि कबुतरांच्या घाणीत उभा राहून त्याची शिडी धरली. सेक्रेटरी झाल्यापासून मी सोसायटीचं केलेलं ते पहिलं काम.

नवा पाइप बसला. वरच्या सगळ्या मजल्यांना एकदम पाणी सोडायला सांगितलं. पाइपातून धडधडत पाणी खाली गेलं. बाबा डक्टमध्ये शिरले, सांध्याभोवती तळहात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग बाहेर येऊन हात माझ्यासमोर उजेडात धरला. कोरडा होता.

"आता पाडा," म्हणाले, आणि त्याच हाताने सही केली.