तळ्याची ओटी

आमच्या साडूंइतका एका तळ्यावर जीव टाकणारा माणूस बिदर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी त्यांच्या यच्चयावत पाहुण्यारावळ्यांची प्रार्थना आहे. ठाणाकुशनूरच्या अलीकडे त्यांचं गाव. बाजारात कापडाचं दुकान, दुकानामागे घर आणि घरामागून चालत गेलं की तळं. हा क्रम अर्थात माझा. साडूंना विचाराल तर आधी तळं, मग तळ्याच्या काठी गाव आणि त्या गावात कुठेतरी बायकोमुलांना राहायला जागा. फोनवर "अण्णा, तब्येत कशी आहे?" असं विचारलं की पलीकडून गंभीर आवाज येतो, "काल जरा हिरवट वाटायलती, आज बरी हाय." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून बायकोला घेऊन बिदरमधल्या आमच्या नौबादहून मिळेल त्या बसनं निघालो होतो. एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना बिदरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कुठल्या बाजूला होतो?" साडू म्हणाले, "पश्चिमेला. तिकडून गावाची गटार येती." छातीचा कागद नीट निघाला, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मेंदूचाही एखादा डॉक्टर गाठायला सुचवलं.

धंदा कापडाचा, त्यामुळे पाण्याची परीक्षाही कापडानंच. रोज सकाळी कपाळावर विभूती ओढून, काठीच्या टोकाला पांढऱ्या मांजरपाटाची चिंधी बांधून ते बांधावर जातात. चिंधी पाण्यात बुडवायची, वर काढायची, उन्हाकडे धरायची, हुंगायची आणि मग "हूं" म्हणायचं. त्या "हूं"वरून घरात सगळ्यांना कळतं की आज नाश्त्याला शांतता आहे की नाही. हीच विद्या ते दुकानातही चालवतात. गिऱ्हाईक बाई फिकट हिरवी साडी मागते आणि साडू विचारतात, "पंचमीचं पानी दावू का दिवाळीचं?" एका नवख्या बाईंनी तपकिरी रंग मागितला. साडू म्हणाले, "हे घ्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं." बैल धुतल्यानंतरचं पाणी अंगावर घ्यायला त्या बाई काही तयार होईनात. साडी चांगली होती हो, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

तळ्याची देखभाल करणारी त्यांची एक मंडळी आहे. त्यात गावचा न्हावी आहे, एक निवृत्त मास्तर आहेत, एक टेंपोवाला आहे आणि साडूंची थोरली बहीण अक्का आहेत. अक्का लग्न होऊन गेल्या आणि हातातला हिरवा चुडा नवा असतानाच विधवा होऊन परत आल्या, त्या भावाकडेच राहिल्या. बाकीची मंडळी जलपर्णी कमी उपसते आणि तळ्याच्या भवितव्यावर जास्त बोलते. अक्का बोलत नाहीत. पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरतात आणि माणसं चहाला बसली की काठावरचा ढीग उचलून खड्ड्यात टाकून येतात. साडू त्यांच्याशी फक्त भांडतात. "अक्का, ती मुळी ऱ्हायली बघ." "तुझ्या डोळ्याला ऱ्हायलीय, माझ्या हाताला न्हाई." एवढाच त्या भावाबहिणींचा रोजचा संवाद.

मंडळीचा नियम एकच आहे, पण तो जबर आहे. पोळ्याचे बैल सोडले तर तळ्यात कुणी हात, पाय, तोंड, भांडं, म्हैस, मोटारसायकल यांपैकी काहीही धुवायचं नाही. धुतलं तर एक डोईभर जलपर्णी काढून खड्ड्यापर्यंत वाहायची. एक मोठे साहेब पाहणीला आले आणि फोटोसाठी पाण्यात पाय सोडून बसले. साडूंनी फोटो होऊ दिला, हात जोडले, "शरणु साहेब" म्हणाले आणि साहेबांच्या डोक्यावर पाणी गळणारा भारा ठेवला. पुन्हा पाहणी झाली नाही. म्हशींची गोष्ट वेगळी. साडू माणसांवर मराठीत ओरडतात, म्हशींना कन्नडमधून समजावतात आणि कुणालाच समजेनासं झालं की दखनीत शिव्या देतात. मी एकदा विचारलं, म्हशीशी कन्नड कामून? तर म्हणाले, "तिच्या मालकानं सांगितलंय, मराठीत बोललं की ती तोंड फिरवती."

पाहुण्यांना चहा तळ्यावरून आल्यावरच मिळतो. त्यांची मुलगी बघायला भालकीहून मंडळी आली होती, तर पोहे यायच्या आधी साडूंनी त्यांना बांधावर नेलं. मुलाच्या मामांनी नाकाला रुमाल लावला. मुलाच्या वडिलांनी मात्र धोतर वर खोचलं आणि दोन हातांनी जलपर्णी ओढून काढली. साडूंनी तिथंच लग्न ठरवलं. मुलानं मुलगी पाहिलीसुद्धा नव्हती. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको, चार दिवस अबोला धरून होती. साडूंचं म्हणणं एवढंच, "घराणं काय बघायलीस? वाकलेली कंबर बघ."

हे वेड जन्मजात नव्हे. पूर्वी साडूही आपल्यासारखेच दुकानात बसून माशा मारत. आमच्याकडे तळं काठोकाठ भरलं की गावच्या बायका वाजतगाजत जाऊन त्याची ओटी भरतात. हिरवा खण, नारळ, बांगड्या, गहू, हळदकुंकू, सगळं पाण्यात सोडतात. गावात कापडाचं दुकान एकच, तेव्हा सगळे खण साडूंचे. असंच एका वर्षी तळं भरलं, ओटी झाली, आणि पुढं पाणी सोडायची मोरीच बंद पडली. पाणी साचलं, कुजलं, मासे पोट वर करून काठाला लागले. वासानं गावाला जेवण जाईना. शेवटी मोरीत माणूस उतरवला तेव्हा आतून खणांचा एकच बोळा निघाला, ओढावा तितका लांब. साडू काठावर उभे राहून एकेक खण ओळखत होते. "हा माझा. हा बी माझा. ह्यो तर मी चांगला निघंल म्हून सांगून दिलता." त्या दिवसापासून ते दुकानातून उठले आणि तळ्यावर गेले ते गेलेच.

पुढं बरीच वर्षं तळं काठोकाठ भरलंच नाही, म्हणून प्रश्न आला नाही. मागच्या साली भरलं. मी सहकुटुंब तिथंच होतो. साडूंनी दवंडी दिली की पाण्यात एक सूतसुद्धा पडता कामा नये. तिकडे गावच्या बायकांनी निरोप धाडला की भरल्या पाण्याची ओटी रिकामी ठेवणं अपशकुनाचं आहे, आम्ही येणार. निरोप घेऊन आली होती ती साडूंचीच बायको. घरात दोन दिवस दोन चुली. साडूंना रात्री झोप नाही. पुन्हा मोरी तुंबली तर पुन्हा ते मेलेले मासे बघायची त्यांची छाती नव्हती, हे मला खरोखर दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी बायका बांधावर आल्या तेव्हा साडू आडवे उभे. म्हणाले, "दारी आलेल्या जंगमसामीला जेवू घातलं की देवाला पोचतं का न्हाई?"

"पोचतंय की," सगळ्यांत पुढं असलेल्या पाटलीणबाई म्हणाल्या.

"मग तळ्याची ओटी मानसाच्या पदरात घातली तर तळ्याला कामून पोचत न्हाई? तळ्याच्या जागी मानूस बसवू. त्याची भरा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. युक्तिवादात खोट सापडेना. मेव्हणीनं विचारलं, "आन बसायचं कुनी?"

"मी बसतो की!"

दुकानातून आणलेली हिरवीगार इलकल साडी त्यांनी धोतरावरूनच गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि बांधावरच्या दगडावर खाली मान घालून बसले. वर विभूती, खाली झुपकेदार मिशा, मध्ये लाजरं तळं. पाटलीणबाई कुंकवाचं बोट पुढं करीत होत्या आणि हसून हसून मागं सरत होत्या. "अण्णा, आदी त्या मिशा तरी काडा!" मेव्हणी कपाळावर हात मारून मला म्हणाली, "बघायलाव न्हवं तुमच्या साडूला?" कसाबसा एक नारळ पदरात पडला, आणि पदर धरायची सवय नसल्यानं तो सुटून उतारावरून पाण्याकडे निघाला. तळं ओरडलं, "धरा, धरा त्याला!" आणि साडी आवरत त्याच्यामागं धावलं. नारळ पाण्यात, नारळामागं साडू पाण्यात. बायका हसून जमिनीवर बसल्या. मंडळीतले मास्तर तर डोळे पुसत होते.

साडू निथळत, छातीशी नारळ धरून वर चढत होते. चढताना त्यांचं लक्ष बाभळीखाली गेलं. तिथं अक्का उभ्या होत्या, सगळ्यांच्या चपला राखत. दर ओटीला, दर हळदीकुंकवाला अक्का अशाच लांब असतात. घरोघरी भिंतीवर सगळ्यांना सारखं मानणाऱ्या बसवण्णांची तसबीर आणि तिच्याखाली हे असलं सगळं चालतं, हे लिहिताना मला लाज वाटते, पण चालतं. साडू तिथंच थांबले. मग अंगावरची ओली साडी सोडली, पिळली, बाभळीपाशी गेले आणि अक्कांच्या खांद्यावर घातली.

"चल. बस तिथं."

"अरं, खुळा झालायस का? माझी ओटी भरत न्हाईत."

"तुझी कोन भरायलंय? तळ्याची भरायल्यात. तू गप बस."

हसणं थांबलं. पाटलीणबाई हळूच म्हणाल्या, "अण्णा, पर अक्का तर..."

"तर काय?" साडू कडाडले. "तळ्याला नवरा होता कवा, मरायला?"

मला वाटलं, आता बायका उठून ओटी सरळ पाण्यात सोडणार आणि साडूंचं तळं गेलं. तेवढ्यात मेव्हणी उठली. इतकी वर्षं एका घरात राहून तिनं सगळी हळदीकुंकवं केली होती आणि तेवढा वेळ अक्का आत भाकरी थापत होत्या. तिनं कुंकवात बोट बुडवलं. जरा थांबली. मग ते अक्कांच्या कपाळावर टेकवलं आणि पदरात खण, नारळ, गहू घातले. तिच्यामागून पाटलीणबाई आल्या आणि मग रांगच लागली. अक्कांनी डोळे घट्ट मिटले होते. पदर दोन्ही हातांनी असा धरला होता की एक दाणाही खाली पडला नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "किती जड हाय रं हे."

साडू वळले, तडक काठावर गेले आणि ओंजळी भरभरून तळ्याच्या पाण्यानं तोंड धुऊ लागले. बराच वेळ धूत होते.

मी मागं जाऊन म्हणालो, "अण्णा, दंड."

"व्हय, व्हय," ते तोंड न फिरवता म्हणाले आणि तसेच पाण्यात उतरले. जलपर्णी त्या दिवसांत औषधालाही शिल्लक नव्हती, अक्कांनीच उपसून काढली होती. पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी डोईभर गोळा केली आणि खड्ड्यापर्यंत वाहिली. त्या दिवशी अर्धा भार मी घेतला.

यंदा आमच्याकडे पाऊस ओढ देतो आहे. परवा फोन केला, तब्येत विचारली. "पानी साफ हाय," साडू म्हणाले, "पर अर्धंच हाय." मग आवाज बारीक केला. "अक्का रोज बांधावर जाऊन बघायलीय, किती चढलंय म्हून. इचारलं तर म्हनती, मी कुठं काय बघायलीय." मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन ठाणाकुशनूरच्या बाजूला कुठं ढग आहे का, ते पाहत उभा राहिलो.