कान धरणारा मास्तर

साल १९५७. मी चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. आमचा जिल्हा नुकताच आंध्रात गेला होता, म्हणून पोरांना तेलुगू शिकवायला गावात उन्हाळी शिबिर लागलं. बारक्या पोरांत मी बसणार नाही म्हणालो, आन् ओढ्यावर ढोरं राखत राह्यलो.

शेवटच्या दिवशी मास्तर पोरांना घेऊन ओढ्यावरच आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला तेलुगू माणूस. मराठी बोले, पण लिहिता येत नव्हतं. नाव कोणी विचारलंच नाही. ओल्या वाळूत बोटानं तेलुगू अक्षर काढून दाखवी, मग पोरांकडून मराठी अक्षर शिके. चुकला की पोरं ओरडत, "मास्तर, कान धरा!" तो खरंच कान धरून उठाबशा काढी आन् धापा टाकत हसे.

मी विचारलं, "लाज नाई वाटत, मास्तर?"

"वाटते. अक्षर आलं की जाते. तू कवा बसतो?"

मी ढोरं वळवायला उठलो. संध्याकाळी शिबिर उठलं. त्याचं पुढचं शिबिर नार्नूर गावी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढोरं आईच्या हवाली केली आन् त्या शिबिरात बसायला त्याच्या बैलगाडीमागं निघालो. तो "गाडीत बस" म्हणत होता. मी ऐकलं नाही, नार्नूरपर्यंत चालतच गेलो.