चेष्टा

राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. त्याच साली सौंसरची वच्छला बी.ए. झाली आणि जबलपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली. विद्यावेतन सरकारचं. अट एवढीच, की पुढं तीन वर्षं शहरातल्या बिडी कामगारांच्या वस्तीत शिकवायचं. तिथं शिक्षक टिकत नसत.

"हिंदीत शिकवशीन तू?" तिचे वडील नत्थूजी हसले. "बाजारात तं भाव बी मराठीतच करतं!"

"शिकून राहिली न मी, बाबा."

प्रशिक्षणात पांढुर्ण्याची विजया तिच्या खोलीत होती. वच्छलेच्या परीक्षेच्या पाठाला ती मागच्या बाकावर बसली होती, परीक्षकांच्या शेजारी. पाठ फसला तर विद्यावेतन बंद, आणि वच्छला घरी.

वर्ग वस्तीतल्या मुलींचा. पाठ सुरू झाला आणि दोघीतिघी वच्छलेच्या बोलण्याची नक्कल करून खिदळू लागल्या. वच्छला कडाडली, "कोई चेष्टा नहीं करेगा! अब लिखो।"

सगळ्या मुलींनी पाटीवरची पेन्सिल खाली ठेवली. हाताची घडी घालून बसल्या.

"लिखती क्यों नहीं?"

"आपने ही मना किया, बहनजी," पुढची मुन्नी म्हणाली. तिनं पुस्तक उघडून दाखवलं. धड्याखाली छापलं होतं : स्वयं चेष्टा करो.

परीक्षकांची लेखणी थांबली. आपण असतो तर रडत बाहेर पळालो असतो, असं विजयाला वाटलं.

वच्छलेनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : चेष्टा.

"मेरे गाँव में इसका मतलब है खिल्ली उड़ाना। तुम्हारे यहाँ?"

"कोशिश!" वर्ग ओरडला.

"तो मेरे गाँव वाली मत करो। अपनी वाली करो।"

हशा झाला. वच्छलाही हसली. आणि पाट्यांवर पेन्सिली करकरू लागल्या.

तास संपला तेव्हा मुन्नीनं विचारलं, "बहनजी, हमारे यहाँ आप ही आएँगी न?"

वच्छलेनं परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी कागदावर सही केली.

"आएँगी," ते म्हणाले.

तीन वर्षं झाली, अट सरली. वच्छलेनं बदली मागितली नाही. पांढुर्ण्यात कोणी विचारलं, की अशा वस्तीत कोण शिकवून राहिलं, तर विजया ताठ उभी राहून सांगते,

"माही मैत्रीण!"